रेवतीचं मराठी गाणं

४ ऑगस्ट
रे. गेल्यानंतर आज पहिल्यांदा प्रॅक्टिसला गेलो. अनूपने गिटार बाहेर काढायच्या आधीच बोलून टाकलं. बँड चालू ठेवायचा तर आता वेगळं वाजवावं लागेल. रेवतीसारखं घशातून गुरगुरत गाणारं कोणी मिळत नाही, आणि मिळालं तरी तिच्या जागी त्याला उभं करवणार नाही. तेव्हा सुरात गाणारी कोणीतरी घ्यायची, ड्रम्स हलके करायचे, गिटारची घरघर कमी. मनोज ड्रम्सच्या मागे खाली बघत बसला होता, म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालेलं.
मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

७ ऑगस्ट
महादेवपुऱ्याच्या ऑफिसातून घरी यायला आज फार उशीर. लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. आवाजाबद्दल सोसायटीच्या ग्रुपवर नेहमी तक्रार करायचे तेच. मॅडमचा आवाज हल्ली येत नाही, गावी गेल्या का, असं हिंदीत विचारलं. सांगितलं. त्यांचा मजला येऊन गेला तरी ते उतरले नाहीत, माझ्याबरोबर वरपर्यंत आले.
त्यांच्यामुळेच रे. कपाटात, लोकरीच्या कपड्यांत तोंड खुपसून सराव करायची. तरी खाली ऐकू जायचं.

१० ऑगस्ट
नवीन गायिका आली. ईशा. पुण्याची, इथे नोकरीला. मला दादा म्हणते. आवाज खरंच चांगला आहे.
तिच्यासाठी गिटारचं ट्यूनिंग वर घ्यायचं ठरलं होतं. अनूपचा मेसेज मी वाचला होता. तरी माझा बेस तसाच, खाली लावलेला घेऊन गेलो. पहिल्याच ठोक्याला सगळं बेसूर. मनोज हसला आणि मग हसायचा थांबला. तारा सैल करून इतक्या खाली लावणं रे.चं. 'कानाला नको, पोटात लागलं पाहिजे,' म्हणायची. ती सुरात गात नसे, त्यामुळे तिला कुठलंही ट्यूनिंग चाललं असतं. पण हट्ट.
कोपऱ्यात बसून तारा पिळल्या. ईशा जवळ येऊन म्हणाली, "राहू दे ना दादा, मी खाली गाऊन बघते." म्हटलं, नको. गळा बसेल.

१७ ऑगस्ट
पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात अनूपला मराठी गाणं हवंय. रे.ची बाकी सगळी गाणी इंग्रजी, हे एकच मराठी. ते मराठी आहे हे ऐकणाऱ्यांना कधी कळलंच नाही. समोरची पोरं माना हलवत राहायची. शब्द कोणाला हवे होते.
ईशाने शब्द मागितलेत.
शब्द अण्णांचे आहेत. रे.च्या वडिलांचे. लहानपणापासून घरात तिला जे ऐकवलं ते तिने एकाखाली एक लिहिलं, बस. हळू बोल. दार लावून घे. मुलीच्या जातीला एवढा आवाज कशाला. शेजारी ऐकतात. आई असती तर तुला सरळ केली असती.
मी एकदा विचारलं होतं, हे एक तरी नीट गा ना. हसली. "नीट गायले तर अण्णांना कळेल की."
ईशाला अजून पाठवले नाहीत.

२० ऑगस्ट
यशवंतपूरला अण्णांकडे. कांद्याचं दुकान आता पुतण्या बघतो, अण्णा दुपारी नुसते जाऊन बसतात. मनोज बाजारात भेटला होता म्हणे, त्याने नव्या गाण्यांचं सांगितलं. अण्णा खूश होते.
"स्वल्प बसा जावईबापू, कॉफी येतीय. आता सुरात म्हणतात म्हणे तुम्ही लोक. अक्कालाही घेऊन येतो मी." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण.
रे. असताना कार्यक्रमाला एकदाच आले होते. फाटकापर्यंत. आतला आवाज ऐकून तिथूनच परत फिरले.
म्हटलं, बसायला जागा नसते, गर्दी असते.
"सरी, चालेल. उभा राहीन."
काही न सांगता परत आलो.

२३ ऑगस्ट
अनूपला म्हटलं, मराठी गाणं नको. का ते सांगितलं. तो मग म्हणाला, तू नवरा आहेस, तू म्हणशील तसं. पण ते काढलं तर कार्यक्रमात तिचं काय उरलं? तिची इंग्रजी गाणी काढलीच, बाकी सगळं आता आपलंच आहे.
खरं आहे.
शब्द ईशाला पाठवले. अण्णांना फोन करून प्रॅक्टिसलाच बोलावलं. ऐकायचंच असेल तर गर्दीत, अक्काच्या शेजारी उभं राहून नको.

३१ ऑगस्ट
अण्णा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, सगळ्यांसाठी मद्दूर वडे. ड्रम्सशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले.
ईशा फार छान गायली. शब्द अन् शब्द कळत होता. 'हळू बोल'ला ते हसले, मुलीला गाणं म्हणताना बघून हसतात तसे. पुढच्या ओळींनाही ते हसू तोंडावर तसंच राहिलं. 'आई असती तर' आलं तेव्हा मी बेसकडे बघत होतो.
ईशाला वाटलं त्यांना लेकीची आठवण आली. तिने पाणी दिलं. ग्लास हातात घेऊन बसून राहिले.
मी रिक्षापर्यंत सोडायला गेलो.
"माझंच बोलणं आहे हे."
हो म्हटलं.
"तुम्हाला ठाऊक होतं."
हो.
रिक्षावाल्याशी कन्नडात बोलले, आत बसले. मग म्हणाले, "पोरगी चांगली म्हणते. पण जावईबापू, एवढ्या मऊ आवाजात मी कधी बोललो नाही रेवतीशी."

३ सप्टेंबर
अण्णांचा फोन. अक्का येणार नाही, ते येणार. गाणं घ्या म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. तिच्या आवाजातलं तुमच्याकडे असेल तर पाठवा, म्हणाले. पाठवलं. त्यावर काही कळवलं नाही.
अण्णा रिक्षात जे बोलले ते काल ईशाला सांगितलं होतं. सांगायला नको होतं कदाचित.

४ सप्टेंबर
अनूपला उद्या नक्की सांगायचंय, गाणं ठेवायचं की काढायचं.
ऑफिसमध्ये असताना ईशाचा व्हॉइस मेसेज आला. गाणं पुन्हा म्हटलंय, एकटीने, घरी. सुरुवात सुरात आहे. मग आवाज चढवत नेलाय. तिला तसं येत नाही, ते कळतं. 'एवढा आवाज कशाला'वर गळा फाटतो आणि तेवढे शब्द ऐकू येत नाहीत. शेवटी खोकते, म्हणते, दादा, असं चालेल का?
रे.सारखं मुळीच नाही. गोडही नाही.
जिन्यात जाऊन पुन्हा ऐकलं. अण्णांना ऐकवावं का. की सरळ कार्यक्रमातच ऐकू देत त्यांना.