नग चारशे तेरा

सोमवार, १
आणि दादा म्हणतो मी कुठे टिकत नाही! सहा कामं सोडली ती काय हौसेनं? आता बघ म्हणावं, सरकारी काम. बटणांचा कारखाना बुडालाय, त्याची राखण. खोली पत्र्याची, पण खिडकी आहे, नळ आहे, ऊन झकास येतं. लिक्विडेटर साहेब सगळं विकून धनकोंना, म्हणजे ज्यांचे पैसे बुडाले त्यांना, वाटणार. तोवर आतली सुई हलता कामा नये. साहेब मोजून यादीत लिहितात, मी खळ लावून नंबराची चिठ्ठी डकवतो. यंत्रं, खुर्च्या, बटणांची पिंपं. चारशे अकरा नग. पगार सात हजार. आईला पाठवतो, मग बोल म्हणावं.

बुधवार, ३
नळावरून आलो तर माझ्या वळकटीवर चिठ्ठी. ४१२. साहेबांना म्हटलं, ही घरनं आणलीय. तर म्हणाले, फाटकाच्या आत आहे ते कंपनीचं. तुझी असेल तर दावा लाव. आधी बँका, मग कामगार, मग तू. तोवर झोप की तिच्यावर, कोण नको म्हणतंय! आणि हसले.

शुक्रवार, १२
सरकारच्या तपासनीस बाई आल्या. साहेब धनकोंना फसवत नाहीत ना, हे बघायला. गोड बाई, मला बाळा म्हणाल्या. वळकटीचं रडगाणं गायलो. म्हणाल्या, बाळा, धनकोंत विधवा आहेत, त्यांची पुंजी अडकलीय. मलाच लाज वाटली. मग यादी मिटली आणि साहेबांना म्हणाल्या, फाटकाच्या आतला एक नग राहिलाय. माझ्याकडे बघत होत्या.

शनिवार, १३
अंघोळ करताना मानेला हात लागला. कागद. आरशात उलटं दिसतं, पण ४१३ च आहे. निघत नाही. नखानं खरवडली, रक्त आलं. खळ मीच कालवली होती, एवढी घट्ट नव्हती.

मंगळवार, १६
पळालो. चावी माझ्याकडेच, कोण अडवणार? स्टँडवर तिकीटवाल्यानं मान बघितली. म्हणाला, माल पार्सलच्या खिडकीला. थट्टा नव्हती. पार्सलवाल्यानं साहेबांचं सोडपत्र मागितलं, फोन केला. साहेब स्वतः न्यायला आले. पोच लिहून दिली.

बुधवार, २४
गिऱ्हाईकं माल बघायला आली. एकानं दंड दाबला. एकानं विचारलं, सुटा मिळेल का पिंपांबरोबरच घ्यावा लागेल? मी ओरडलो— साहेबांनी लिहून घेतलं, आवाज चालू आहे.

सोमवार, २९
उद्या लिलाव. बाईंचे पाय धरले. डोक्यावर हात ठेवला त्यांनी. म्हणाल्या, घाबरू नको, मी आहे ना, तुला कमी भावात जाऊ देणार नाही.

मंगळवार, ३०
गेलो. चांगल्या भावात— बाई खूश. विधवांना मिळेल म्हणाल्या. माझा पगारही दाव्यांच्या रांगेत, शंभराला दोन रुपये— हातावर रोख ठेवले, सही घेतली. ट्रक लागलाय. ड्रायव्हर म्हणतो, ही वही टपालात टाकतो, पण आटप—
दादा, आईला सांग, पोरगं टिकलं नाही असं नाही, त्याला—
पाठवतोय, एकशे चाळीस—