पाहुणे हात का हलवतात

प्रिय ताई,

आठ महिने झाले, लिहीन लिहीन म्हणतोय आणि लिहिलं नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणजे तू पहिल्याच ओळीवर चिडून मोकळी होशील आणि पुढचं नीट वाचशील. कारणं हवी तेवढी सांगता येतील. एकदा लिहायला बसलो तर पेन सुकलेलं निघालं. नवं आणायला गेलो तर वाटेत एक माणूस जुन्या सायकलींचे सुटे भाग मांडून बसला होता, त्याच्याशी बोलता बोलता दुपार गेली आणि पेन राहिलंच. तू म्हणशील, भिंगरी ती भिंगरीच. म्हण. पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मी शेवटी सांगणार आहे. आत्ताच सांगितलं तर बाकीचं लिहायचा धीर राहणार नाही.

सध्या मी एका थिएटरात कामाला आहे. एकच पडदा, दोनशे चाळीस खुर्च्या, त्यातल्या अकरा मोडक्या. त्याआधी गोदामात खोकी उचलली, एका रंगाऱ्याची शिडी धरली, मध्ये तीन आठवडे एका नर्सरीत रोपांना पाणी घातलं. ते काम खरं तर बरं होतं, पण तिथला मालक रोपांशी बोलायचा आणि माझ्याशी बोलायचा नाही. इथे मी तिकिटं फाडतो, दोन खेळांच्या मधे झाडू मारतो, आणि वही सांभाळतो. वहीचं सांगायलाच हवं. थिएटरच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या आहेत, केस बारीक कापलेले, आवाज असा की माइक लागत नाही. त्यांचा नियम असा की बाहेर जायच्या दारापाशी एक लांबलचक वही ठेवायची, तिला सुतळीने पेन्सिल बांधायची, आणि ज्याला सिनेमाबद्दल कुरकुर करायची असेल त्याने ती वहीत करायची. लिहायचा कंटाळा असेल त्याचं मी लिहून घ्यायचं, तो बोलला तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. दर सोमवारी बाई ती वही मोठ्याने वाचतात आणि सिनेमा ठेवायचा की काढायचा ते ठरवतात. माझं शुद्धलेखन त्या लाल पेनाने दुरुस्त करतात. सातवीतल्या बाईंनंतर एवढं लाल मी प्रथमच बघतोय.

गेले पाच आठवडे आमच्याकडे एकच सिनेमा चाललाय. परग्रहावरचे पाहुणे येतात त्याचा. मारामारी नाही, गाणं नाही, एकही इमारत कोसळत नाही. एका आटलेल्या धरणाच्या तळाशी नऊ पाहुणे उतरतात, खांबासारखे उंच, आणि एकेकाला एकच हात. तोंड नाही, आवाज नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते तो हात हलवतात. पुढे सारतात, टोकाला किंचित उचलतात, मागे घेतात. पुन्हा पुढे. सरकारी माणसं ठरवतात की हे आपल्याला ‘निघा इथून’ म्हणतायत, आणि आजूबाजूची गावं रिकामी करतात. फक्त रस्त्यांची मोजणी करणारी एक बाई घडीची खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसून राहते. सतरा दिवस बसते. आणि अठराव्या दिवशी पाहुणे निघून जातात. हात हलवण्याचा अर्थ काय होता ते सिनेमा सांगतच नाही. बाई खुर्ची मिटते, काखेत घेते, चालू लागते, की दिवे लागतात.

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, आम्ही शेवट कापला. एक टेम्पोवाला थेट मशीनच्या खोलीत चढला आणि आमच्या मशीनवाल्या काकांना म्हणाला, उरलेलं दाखवा, मी बसतो. काका म्हणाले, एवढंच पाठवलंय. तो म्हणाला, मग तुम्हाला फसवलंय. हे मी वहीत उतरवून घेतलं. मग एक जोडपं भांडतच बाहेर आलं. तो म्हणत होता काहीच घडलं नाही, ती म्हणत होती तुझ्यासमोर कितीही घडलं तरी तुला काहीच घडलं नाही असंच वाटतं, आणि माझ्या लक्षात आलं की हे सिनेमाबद्दल नाही, तेव्हा पेन्सिल खाली ठेवली. एक आजोबा तीन वेळा आले. तिन्ही वेळा पूर्ण झोपले आणि तिन्ही वेळा वहीत लिहून गेले: ‘शांत आहे.’

पण गंमत दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाली. मालकीणबाईंनी वहीच्या पानावर वर एक प्रश्न लिहिला, पाहुणे हात का हलवत होते? आणि ताई, प्रत्येकाला ते माहीतच होतं. बेकरीत काम करणारी एक बाई म्हणाली, कणीक मळतायत, यात विचारायचं काय. बसचा ड्रायव्हर म्हणाला, मागे घे, येऊ दे, येऊ दे, असं कंडक्टर करतो तसं आहे, त्यांचं अजून एक यान मागून येत असणार. इस्पितळातल्या नर्सने लिहिलं की ताप असलेल्या माणसाची पाठ अशी चोळतात. एक धोबी आला, तो मला हाताला धरून लॉबीतल्या काचेच्या काउंटरपाशी घेऊन गेला आणि इस्त्री कशी फिरते ते दाखवलं. सगळे इतके ठाम. कुणी म्हणालं नाही की मला वाटतं, कदाचित. बाई सोमवारी वाचताना हसल्या. म्हणाल्या, पाहुणे कुठून का आले असेनात, माणूस त्यांना आपल्या दुकानात बसवतो. मी पण हसलो. मला मात्र कुणी विचारलं नव्हतं, आणि बरंच झालं. मला ते ‘निघ इथून’ असंच दिसत होतं, सरकारी माणसांसारखं. पहिल्या दिवसापासून. तो भाग आला की मी बाहेर झाडू शोधायला जायचो.

का ते तुला माहीत नाही. तुला मी सांगितलं होतं की मला काम लागलंय म्हणून जातोय. काम वगैरे काही नव्हतं.

अण्णा पडले त्याच्या चार दिवस आधी त्यांनी आणि मी मागच्या खोलीचं दार बसवलं होतं. माप मी घेतलं होतं. फरशी बसवायच्या आधी घेतलं आणि वर फरशीची जाडी धरायची राहिली. असली चूक अण्णांच्या हाताखाली दोन वर्षं सुतारकाम शिकलेल्या त्यांच्याच पोराने करावी म्हणजे हद्द आहे. दार बसलं ते खाली घासायला लागलं. अण्णा रागावले नाहीत. चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ त्या फटीकडे, म्हणजे नसलेल्या फटीकडे, बघत राहिले आणि म्हणाले, काढ आणि खालची कड रंधून घे. मी म्हटलं उद्या करतो. दुसऱ्या दिवशी मी नदीवर पूल बांधतायत तो बघायला गेलो. मग ते पडले, उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, तू आणि दाजी राहायला आलात, आणि त्यांची खाट नेमकी त्याच खोलीत टाकली. दार दिवसातून वीस वेळा कर्र करायचं. तू बिजागऱ्यांना तेल घालायचीस. बिजागऱ्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

आणि मी त्या खोलीत गेलो की अण्णा डावा हात उचलायचे. तुझ्याकडे बघून नाही, दाजींकडे बघून नाही, फक्त मी गेलो की. माझ्याकडे बघायचे, दाराकडे बघायचे, आणि हात पुढे ढकलायचे. पुन्हा पुन्हा. घशातून आवाज यायचा, डोळ्यांत पाणी यायचं. तू म्हणायचीस तहान लागली असेल, आणि पाणी द्यायचीस, आणि ते मान फिरवायचे. मला वाटलं, मला ते कळतंय. दोन वर्षं शिकवलेला मुलगा, एक दार नीट बसवता आलं नाही, वर हे असं झालं. चालता हो म्हणतायत. तीन आठवडे रोज बघितलं. मग झालो चालता.

परवा दुपारच्या खेळाला एक म्हातारा सुतार आला होता. सुतार आहे हे मी कानावरच्या पेन्सिलीवरून ओळखलं. बाहेर आला, वहीवरचा प्रश्न वाचला, आणि आधीची सगळी उत्तरं बोट लावून वाचली, कणीक, इस्त्री, सगळी. मग माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ती लिहिली आहेत. म्हणाला, लिहा, रंधा मारतायत. मी म्हटलं, कशावरून? म्हणाला, अहो, टोकाला हात उचलतायत ना? कणीक मळणारा उचलतो का? रंधा पुढे मारायचा, उचलायचा, मग मागे घ्यायचा. घासत मागे आणला तर पातं जातं. आणि वर म्हणाला, एकाच हाताने मारतायत बिचारे, दुसरा कामातून गेलेला दिसतोय.

मी ते लिहून घेतलं नाही. वही तशीच ठेवली आणि आत जाऊन मोडक्या खुर्च्यांपैकी एकीवर बसलो. ताई, अण्णा हात उचलायचे. पुढे ढकलायचे, टोकाला उचलायचे, मग मागे घ्यायचे. मी रंधा घासत मागे आणला की ते माझ्या मनगटावर फूटपट्टी मारायचे, दोन वर्षं, ह्याच उचलण्यासाठी, आणि मला ते ओळखू आलं नाही. घरात रंधा धरता येणारं दुसरं होतं कोण? तू? दाजी? ते माझ्याशिवाय दाखवणार कुणाला होते? त्यांना ते दार त्रास देत होतं, वीस वेळा, आणि मी निघून गेलो.

किंवा तसं नसेलही. हेच मला छळतंय. धोब्याला इस्त्री दिसली, बाईला कणीक दिसली, आणि सुताराच्या मुलाला रंधा दिसला, एवढंच असेल. मला परत यायला निमित्त हवं आहे म्हणून मी ते शोधून काढलं असेल. म्हणून हे पत्र. तू एक कर. हत्यारांच्या फळीवर डावीकडे छोटा रंधा आहे, लाकडी, मुठीला काळा पडलेला. तो अण्णांच्या डाव्या हाताशी ठेव आणि माझं नाव काढू नकोस. काय करतात ते बघ, आणि जे बघशील तेच लिही, माझ्यासाठी गोड करू नकोस. त्यांनी ढकलून दिला तर मी इथेच राहीन, वाईट नाही इथे. नाही ढकलला तर मी येतो, दार काढतो, कड रंधतो, मग तू मला काय बोलायचं ते बोल. पत्ता दाजींकडे आहे. त्यांना मी जूनमध्येच कळवला होता आणि तुला सांगू नका म्हटलं होतं. एवढे दिवस त्यांच्या पोटात राहिलं याचं मलाही नवल वाटतंय.

पाकिटावर पत्ता घालणार तोच मालकीणबाई तिकिटाच्या खिडकीतून ओरडल्या की तुझ्याकडे कुणी आलंय, म्हणून थांबलो होतो. आता उभ्याउभ्याच लिहितोय, अक्षर सांभाळून घे. बाहेर दाजींची गाडी उभी आहे. डॉक्टरकडे नेतो असं तुला सांगून निघाले म्हणतात, पहाटेपासून चालवतायत, आणि चहा मागतायत. पुढच्या सीटवर अण्णा आहेत. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी आहे, ते त्यांनी डाव्या हाताने घट्ट धरलंय. दाजी म्हणतात, काय कळेना, दोन दिवस फळीकडे बोट दाखवत होते, शेवटी हे काढून दिलं तेव्हा गाडीत बसले, आणि वाटेत एकदाही हातातून सोडलं नाही. टॉवेलाच्या टोकातून काळी पडलेली मूठ दिसतेय. पत्र दाजींबरोबरच देतो. मी गाडीचं दार उघडायला जातो.

तुझाच,
भिंगरी