गनी इलेव्हन आता नाही

मी, मोहिद्दीन इब्राहीम मुकादम, वय वर्षे बासष्ट, धंदा शिंपीकाम, मूळ राहणार मौजे खारवेळ, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम रोला, शारजा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीला पाडलेलं नाही. डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही. येत्या सोमवारी त्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर आधी टक्केवारी सांगत होते, परवा 'इन्शाल्ला' म्हणाले. डॉक्टरच इन्शाल्ला म्हणू लागले की माणसाने आवराआवर करावी.

कलम १. खारवेळचं घर आणि बँकेत असेल ते माझी पत्नी शहनाझ आणि मुलगा मोईन यांना शरियतप्रमाणे मिळेल. त्यात माझं काही चालत नाही, आणि चाललं असतं तर मी नक्की भांडण लावून ठेवलं असतं. एवढंच सांगतो की शहनाझच्या हयातीत मोईनने घर विकायची भाषा काढू नये. त्याला गावी दोन दिवस करमत नाही, हे मला ठाऊक आहे. तिला करमतं.

कलम २. शरियतने जो एक तृतीयांश हिस्सा माझ्या मर्जीवर सोडला आहे त्यातून शिवणयंत्र, मोठी कात्री आणि मापाच्या वह्या दगडू बाळू खेराडे याला द्याव्यात. दगडू माझ्या दुकानात वीस वर्षं इस्त्री करतो. आपल्याला शिवता येत नाही असं तो सांगतो. साफ खोटं. मी नमाजला गेलो की तो गिऱ्हाइकांच्या कंदुऱ्यांना, म्हणजे अरबी झग्यांना, बाह्या लावतो, आणि माझ्यापेक्षा बऱ्या लावतो. मशीन त्याला दिल्यामुळे त्याला साक्षीला बसता येत नाही असं माझा साक्षीदार विघ्नेश म्हणतो, म्हणून दगडू आत्ता बाहेर बाकड्यावर बसला आहे.

कलम ३. क्लबचं रजिस्टर, शिट्टी आणि ट्रंकेतल्या अकरा हिरव्या जर्सी यांची वाट लावण्याआधी क्लबची हकिगत सांगणं भाग आहे.

सगळं कोकण क्रिकेटवेडं. आमच्या गावाला मात्र बोटीवरच्या खलाशांनी फुटबॉलची खोड लावली. शारजात आलेल्या पोरांची आम्ही टीम काढली, तेव्हापासून मी सेक्रेटरी. परदेशी कामगारांची लीग होती, अ गट आणि ब गट. आम्ही ब गटात. अ गटाच्या मॅचला लाइटखालचं मैदान, जाळी असलेले गोल, प्यायला थंड पाणी. आम्हाला शुक्रवारी भर दुपारी वाळू. अ गटात जायचं एवढंच माझं स्वप्न होतं. शहनाझ म्हणायची, लोक हजला जायला झुरतात, हा अ गटाला झुरतो.

मे १९९४ मध्ये शेवटची मॅच जिंकली तर आम्ही वर जाणार होतो. आमचा गोलकीपर गनी, गावच्या मैमुनाभाभींचा थोरला, हाफटाइमनंतर गोलमध्ये कोसळला आणि हॉस्पिटलात वारला. वय सव्वीस. घरी बायको आणि महिन्याची मुलगी. मॅच अर्ध्यावर थांबली आणि आम्ही ब गटातच राहिलो. मयत गावी नेली. परत आल्यावर मी क्लबला त्याचं नाव दिलं. गनी इलेव्हन. अकरा जर्सींच्या पाठीवर ते मीच शिवलं.

कलम ४. खैरुद्दीनबद्दल. हा आपल्याच तालुक्यातला, स्पेअर पार्ट्सचा व्यापारी, क्लबचा प्रेसिडेंट. त्याला माझ्याकडून काही मिळणार नाही, पण दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणंही बरोबर नाही.

सन २००० मध्ये लीगचं सर्क्युलर आलं. अ गटात यायचं तर क्लबला माणसाचं, गावाचं किंवा धर्माचं नाव चालणार नाही. नवा लोगो हवा, दोन रंगांचे सेट हवेत, स्पॉन्सर हवा. त्या वर्षी ब गटात बारशांचा हंगाम आला. मल्याळी पोरांचा नदीच्या नावाचा क्लब होता, तो 'एमिरेट्स रॉयल्स' झाला. गोवेकरांनी संताला रजा दिली आणि 'डेझर्ट किंग्ज' झाले. गटात राजे, सिंह, गरुड सगळे आले, माणूस एक उरला नाही.

खैरुद्दीन दुकानात येऊन म्हणाला, "मोहिद्दीनभाई, प्रोफेशनल नाम चाहिए. मयताच्या नावाची टीम कोण स्पॉन्सर करणार, तुम्हीच बोला. मी देतो पाच हजार दिरहम. म्हणजे आपले साठ हजार!"

मोईन तिथेच होता. म्हणाला, "अब्बा, इट्स ओन्ली अ नेम."

मी सही केली. क्लब 'गल्फ स्टार युनायटेड' झाला. पहिल्या वर्षी आम्ही दुसरे आलो, तेव्हा कमिटीने एकच क्लब वर घेतला. पुढच्या वर्षी चौथे. मग मैदानावर इमारत उठली, लीग बंद पडली, आणि खलास. आता खैरुद्दीनच्या लेटरहेडवर क्लब आहे, बाकी कुठे नाही.

कलम ५. दर वर्षी गनीच्या दिवशी हिरव्या जर्सीतल्या टीमचा फोटो मी मैमुनाभाभींना पाठवत आलो. नाव बदललं तरी पाठवत राहिलो. पोरं पांगली तशी मी मिळेल त्याला जर्सी चढवली. गेल्या मेमध्ये गावचे चारच निघाले. बाकी कॅफेटेरियाचे दोघे, गाड्या धुणारे चार पठाण आणि दगडू. भाभींची नात नबिला, गनीची तीच मुलगी, आता त्यांची पत्रं लिहिते. तिचं पत्र आलं: "आजी विचारते, डावीकडून तिसरा कोणाचा? फार वाळलाय. त्याला नीट जेवायला घाला." तो दगडू, वय त्रेपन्न. पत्र वाचून आम्ही दोघं हसलो. मग दगडू म्हणाला, "मोहिद्दीनभाई, हे बरं नाही." मी त्याला इस्त्री बघ म्हणालो.

जर्सी मैमुनाभाभींकडे पोचवाव्यात. ठेवाव्यात की चुलीत घालाव्यात, त्यांनी ठरवावं. रजिस्टर आणि शिट्टी फेकून द्यावी.

कलम ६. जानेवारीत भाभींनी आपल्या वीस गुंठे वरकस जमिनीचं बक्षीसपत्र करून पाठवलं. गनी इलेव्हनला मैदानासाठी. त्यांच्याकडे दुसरी जमीन नाही. नबिलाच्या शिक्षणाला तीच होती. माझ्या स्वीकाराच्या सहीसाठी कागद दोन महिने कटिंगच्या टेबलाच्या खणात पडून होता.

खैरुद्दीनला गावाकडून कळलंच. तो म्हणाला, "क्लब एकच आहे ना? नाव बदललं, रजिस्टर तेच. तुम्ही करा सही, नाही तर प्रेसिडेंट म्हणून मी करतो. बंगल्याला मस्त जागा आहे, हबीबी." कागदावर त्याचं म्हणणं खरं निघेल, याचीच मला भीती आहे.

म्हणून लिहून ठेवतो की हे बक्षीस मी स्वीकारलेलं नाही आणि माझ्या मागे कोणालाही ते स्वीकारायचा अधिकार नाही. कागद मी आज विघ्नेशच्या समोर फाडला आहे. पण भाभी दुसरा करतील. त्यांना खरं कळल्याशिवाय त्या थांबायच्या नाहीत.

कलम ७. हे कलम नबिलाने आजीला वाचून दाखवावं. बाळा, सावकाश वाच. मध्येच थांबून माझी बाजू घेऊ नकोस.

मैमुनाभाभी, गनी इलेव्हन नावाचा क्लब आता नाही. चार वर्षांपूर्वी मीच सही करून ते नाव काढलं. फोटोतली माणसं भाड्याची नसली तरी मागून आणलेली होती. तुम्ही त्यांच्यासाठी दुआ मागितलीत, ती वाया गेली असं मी म्हणणार नाही.

दुसरं सांगायला दहा वर्षं लागली. त्या शुक्रवारी गनी रात्रपाळी करून दुकानात आला होता. म्हणाला, "चाचा, अंग गरम आहे. आज दुसऱ्या कोणाला उभं करा." मी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ भाजत होतं. मी म्हणालो, "यल्ला गनी, नव्वद मिनिटं. मग दोन दिवस झोप." तो लहानपणापासून माझा शब्द मोडत नसे. लोक म्हणाले, ऊन लागलं. मी गप्प बसलो. मयत घेऊन आलो तेव्हा तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "तू होतास म्हणून माझा पोरगा परमुलखात एकटा नव्हता." तेव्हाच सांगायला हवं होतं. अ गटासाठी मी आधी तुमचा मुलगा घालवला, आणि मग त्याच अ गटासाठी त्याचं नाव. मला माफ करा असं लिहायला हात धजत नाही.

कलम ८. मृत्युपत्र मेल्यावर उघडतात. हे तसं नाही. दगडू उद्या सकाळच्या विमानाने निघतो आहे, याची नक्कल त्याच्याजवळ आहे. रविवारी तो खारवेळला पोचेल. नबिलाचं वाचून झाल्यावर त्याने भाभींना एकच गोष्ट विचारावी आणि इथे फोन करावा. मोईनने सोमवारच्या आत त्यांचं उत्तर, ते जे असेल ते, खालच्या मोकळ्या जागेत भरावं. शहनाझने मला गावीच न्यायचा हट्ट धरू नये. खारवेळच्या कब्रस्तानात वडिलांशेजारी माझ्यासाठी जागा राखलेली आहे. त्या जागेच्या दुसऱ्या बाजूला गनी आहे.

माझं दफन ........................................ इथे करावं.

ठिकाण: रोला, शारजा
तारीख: १२ मार्च २००४, शुक्रवार

(सही) मोहिद्दीन इब्राहीम मुकादम

वरील मृत्युपत्र मोहिद्दीनभाईंनी आमच्यासमोर लिहिलं, मोठ्याने वाचलं आणि सही केली. सातवं कलम वाचताना दोनदा थांबले, पाणी मागितलं. बाकी पूर्ण शुद्धीत होते. जागा मोकळी सोडली आहे ती त्यांच्याच सांगण्यावरून.

साक्षीदार:
१. (सही) विघ्नेश तोडणकर, स्टोअरकीपर, हमरिया फ्री झोन
२. (सही) शमसुद्दीन परकार, रोला, शारजा