सहीआधी वाचून दाखवणाऱ्या कुसुमताईंना

प्रिय कुसुमताई,

तुम्ही गेलात त्याला पाच महिने झाले. शोकसभेत दोन वाक्यं बोलून मी सुनावणीला पळाले होते. आज लिहायला बसले, कारण परवा डहाणूच्या कोर्टात माझी अशील माझ्यामुळे खोटी ठरत होती.

कोर्टाच्या फाटकाबाहेर टायपिंगच्या टेबलाशी तुमची उमेदीची सगळी वर्षं गेली. चिंचणीहून सकाळच्या एसटीने यायचात. मराठी, गुजराती, वारली तिन्ही बोलायचात, आणि सही घेण्याआधी प्रत्येक कागद माणसाला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचात. आम्हा वकिलांची किती चिडचिड व्हायची! ‘ताई, आटपा, पुकारा होईल,’ म्हटलं तरी तुम्ही पुढची ओळ वाचत राहायचात.

झाईच्या रमीलाबेन आठवतात? त्यांच्या भावांची वकील मी होते. वारसनोंदीसाठी सही हवी, एवढंच सांगून भावांनी त्यांना आणलं होतं. कागद मात्र हक्कसोडाचा होता. बहिणीला काय सांगितलंय, हे मी विचारलंही नव्हतं. तुम्ही तो गुजरातीत वाचलात.

‘एटले वाडीमां मारो भाग नहि?’ त्यांनी विचारलं.

‘सही केल्यावर नाही,’ तुम्ही म्हणालात.

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि झाईची बस धरली.

मी सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, ‘तुम्ही टायपिंग करा, वकिली मला करू द्या.’

‘मी कुठे वकिली केली? लिहिलंय तेच वाचलं.’

सहा महिने मी माझं टायपिंगचं काम दुसरीकडे दिलं. परत आले तेव्हा तुम्ही खुर्ची पुसलीत आणि चहा सांगितलात. एकदा तरी मला रागवायचं होतंत ना, ताई? माफी मागायची राहून गेली. चिकूच्या त्या वाडीच्या सातबाऱ्यावर आज रमीलाबेनचं नाव आहे, हेही तुम्हाला सांगितलं नाही.

आता सगळं ऑनलाइन दाखल होतं. मी जुन्या फाइलमधला मजकूर उचलते, नावं बदलते. सायवनच्या सोमीचा पोटगीचा अर्ज असाच केला. तिच्या प्रतिज्ञापत्रात जुन्या फाइलमधलं वाक्य राहून गेलं: ‘अर्जदार स्वखुशीने माहेरी आली.’ स्वखुशीने घर सोडलं म्हटलं की पोटगी धोक्यात येते, हे तुम्हाला काय सांगायचं?

परवा उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी तेच वाक्य वाचलं. सोमी म्हणाली, ‘असा मी नाय सांगला.’

न्यायाधीशांनी विचारलं, ‘सही तुमचीच ना?’

‘हां.’

‘वाचून केलीत?’

‘वाचता नाय येत. वकीलबाई बोलली, इथं कर.’

सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली मान घालून कागद चाळत राहिले. त्या क्षणी उभं राहून ‘चूक माझी’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

काल सोमी मावशीला घेऊन आली. दुरुस्तीचा अर्ज मी वाचत गेले, मावशी वारलीत सांगत गेली. ‘नवऱ्याने हाकलून दिले’ असं मी लिहिलं होतं. सोमीने थांबवलं. ‘हाकलला नाय. कामावरून आली त दाराला कुलूप.’ दुसऱ्यांदाही मी तिला न विचारताच लिहिलं होतं!

मंगळवारी तारीख आहे. अशा अर्जात आपण ‘नजरचुकीने’ लिहितो. तो शब्द मी खोडला. ‘अर्जदाराने असे सांगितले नव्हते, तिच्या वकिलांनी तिला न विचारता लिहिले व वाचून न दाखवता सही घेतली,’ असं घातलंय. समोरचे वकील हसतील, न्यायाधीश कदाचित ताशेरे मारतील. मारू देत. पुकारा झाला की मीच उभी राहीन आणि ते वाक्य सोमीसमोर, मोठ्याने वाचेन. हा माझा शब्द.

तुमची,
सुजाता