एक ओळ मागे

चामराजपेट, बेंगळूर
जानेवारी २०१४

प्रिय दयानंदा,

शाळेत सगळा वर्ग कविता संपवून गप्प झाला, की मागच्या बाकावरून शेवटची ओळ म्हणणारा तुझा एकट्याचा आवाज यायचा. आज तो पुन्हा कानात घुमला.

माझ्या नातीला, आपल्या मैत्रेयीला, रिकाम्या खोलीत कुणी हाक मारल्यासारखं वाटतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजार झालेला नाही, पण होण्याचा धोका आहे. अशा मुलांत मेंदूच्या भागांचा आपसातला ताळमेळ बदलतो, असं संशोधनात दिसू लागलंय."

मी म्हटलं, "म्हणजे मागचा बाक एक ओळ उशिरा म्हणतोय!"

पोरगी खुदकन हसली. पण उपचारांना नाहीच म्हणते. "मला वेडी ठरवतील, आजोबा."

तूही, माझा धाकटा भाऊ, तरुणपणी असेच आवाज ऐकायचास. औषधं घेतलीस, आणि आज निपाणीत ऐटीत घड्याळं दुरुस्त करतोस. हे तिला सांगू का, एवढंच विचारायचंय. पण हे पत्र पेटीत टाकायला मन धजेल असं वाटत नाही.

थांब, कडी वाजली.

अरे, दारात तूच! आता पत्र पुरं करून तुझ्या हातातच देतो; आत येताच तू म्हणालास,

"अण्णा, स्वल्प कॉफी टाक. मैत्रेयीनंच फोन केला. घरात आधी कुणाला असं झालं होतं का, असं डॉक्टरांनी विचारल्यावर तू छताकडे बघत बसलास म्हणे! तो मीच, हे तिनं ओळखलं. मी तिला सगळं सांगितलं, आता ती उपचारांना तयार आहे. उद्या आम्ही दोघं दवाखान्यात जातोय. तू घरी कविता म्हण."

छताकडे बघणारा तुझा,
अण्णा