वय वर्षे सव्वीस

मोहोळ, ५ डिसेंबर २०२४

चि. संस्कृतीस अ. उ. आ.

फोनवर रोज बोलतोच, पण चौतीस वर्षं पोस्टमनकी केलेल्या माणसाच्या मुलीला पत्र येऊ नये, हे मला पटत नाही.

दिवाळीत तू फोनमध्ये घालून दिलेल्या व्यायामाच्या बाईंनी मला थक्क केलंय. कालव्याच्या रस्त्याला लागलो की त्या कानात सुरू होतात. पाऊल उचल, वेग कमी झाला. पहिल्या दिवशी मी चक्क मागे वळून बघितलं. शिवाय त्रेसष्ट वर्षांच्या माणसाशी एकेरीत बोलतात. आता तर आठ दिवस मला पळवतायत. पण टपालाची फेरी अर्धी टाकून मी कधी परतलो नाही, इथेही परतत नाही. तुझी आई हसते.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुझा, आबा

पुणे, १८ डिसेंबर २०२४

ती. आबांस शि. सा. न.

तुमचा आकडा रोज संध्याकाळी माझ्या फोनवर दिसतो. काल सहा किलोमीटर पंचेचाळीस मिनिटांत! मला धक्काच बसला. ऑफिसातला अमरेश रोज जिमला जातो, त्याला तर खरंच वाटेना. मी टाळ्यांचं चित्र पाठवते ते दिसतं ना? बाई आता आणखी वेग वाढवायला सांगतील, माघार घेऊ नका. आईला म्हणावं, हसतेस काय, तूही चल की.

तुमच्या मायेची हावरट,
संस्कृती

मोहोळ, २४ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीला आईचा आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली, बोलते तसं लिवते. तू आबांपाशी आठ दिवस दवाखान्यात ऱ्हाऊन गेलीस, तवर मला काय ठावं न्हवतं. काल सोलापूरला तपासणीला गेलो. आबा छातीत कळ यिऊन कालव्यावर पडले तवा किती पळत हुते ते बघू, म्हणून डॉक्टरांनी फोन मागितला. बघितला आन म्हणाले, त्यात आबांचं वय सव्वीस हाय. हृदयाची नळी तुंबली म्हणून आता छातीत स्प्रिंग बसवाया लागली, त्या माणसाला ती बाई सव्वीसाचा व्यायाम सांगत हुती. आन ह्ये बी असे, कळ आली तरी थांबले न्हाईत. फेरी अर्धी टाकायची न्हाय, म्हणत्यात.

पोरी, मी रागानं लिवत न्हाय. पर सव्वीस तर तुजं वय हाय. ह्ये कसं झालं, तेवढं कळव.

जीव लावून ऱ्हा.
आई

पुणे, २९ जानेवारी २०२५

ती. आबा व आई यांस शि. सा. न.

आईचं पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसले. शेजारच्या झीनतने हाताला धरून वर आणलं.

दिवाळीत परत निघायची घाई होती, म्हणून तुमच्या फोनवर मी माझंच खातं चालू करून दिलं. वय बदलायचं डोक्यातच आलं नाही. आबा, ती बाई मला पळवत होती आणि पळत तुम्ही होतात. आणि मी इथे खुर्चीत बसून टाळ्या पाठवत होते. तुम्हाला मरणाच्या दारात मी नेलं. मला काय वाटेल ते बोला, पण गप्प राहू नका. ते ॲप मी काढून टाकते.

लोभ मागायला तोंड उरलं नाही.
संस्कृती

मोहोळ, ४ फेब्रुवारी २०२५

चि. संस्कृतीस अ. उ. आ.

आधी डोळे पूस. आज अंगणात दहा फेऱ्या मारल्या, वरणभात जेवलो.

वयाचं मला ठाऊक नव्हतं. पण खातं तुझं आहे, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाई दर किलोमीटरला म्हणायच्या, शाब्बास संस्कृती, चल संस्कृती. तुला मुद्दामच सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू बदललं असतंस. तू पुण्याला गेल्यापासून या घरात तुझ्या नावाने कुणी हाक मारत नाही. त्या रस्त्यावर ती रोज ऐकू यायची.

त्या दिवशी कळ आली तेव्हा मी थांबणारच होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, संस्कृती, थोडंच राहिलं. मग थांबवेना. आईला फेरीचं सांगितलं ते खोटं. तेव्हा निम्मा दोष माझा.

डॉक्टरांनी पंधरा मिनिटं सावकाश चालायची मुभा दिली आहे. ॲप काढू नकोस. वय त्रेसष्ट घाल. नाव मात्र तेच राहू दे.

लोभ मागू नये, आहेच.
तुझा, आबा