पाच गोष्टी, त्यातली एक खोटी

प्रिय बाबा,

जयभीम.

तुमच्याच ऑटोत बसून लिहिते आहे. रविवारची सकाळ, साडेसात वाजलेत. ऑटो गावाबाहेरच्या जुन्या तलावावर पायऱ्यांच्या अगदी तोंडाशी आडवा लावलाय. वर्षभर तुमच्याशी चकार शब्द बोलले नाही आणि आज भांडायला आले. हो, भांडायलाच! तुमच्या एका गोष्टीपायी आज इथं कोणाचा तरी जीव जाईल, अशी भीती मला वाटते आहे.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर बाहेरगावची सवारी बसली की तुमचं सुरू! "अमरावतीच्या पाच गोष्टी सांगतो. चार खऱ्या, एक खोटी. वळखा! जितले तर एक प्लेट गिलावडा माह्याकडून." मग गावाचं नाव कसं उंबराच्या झाडांवरून पडलं. रुक्मिणीला कृष्णानं पळवलं ती म्हणे आपल्याच अंबादेवीच्या देवळातून. जुन्या गावाच्या परकोटाला वेशी तर आहेतच, वर खिडक्याही आहेत. चिखलदऱ्याला कॉफी पिकते. आणि शेवटची, जुन्या तलावाच्या पाचव्या पायरीपुढे खाली सपाट फरशी आहे, भर पावसाळ्यातही पाणी कमरेच्या वर जात नाही.

पुण्याकडचा माणूस हमखास कॉफीवर बोट ठेवायचा. "वऱ्हाडात कॉफी? काहीतरीच!" तुम्ही मिशीत हसायचात.

खोटी कोणती, ते तुम्ही सवारी उतरल्यावर सांगायचात. आणि मी? तुमच्या सीटच्या कडेला टेकून शाळेत जाणारी मी तर सवारीच्या आधीच उतरायची! पाचही गोष्टी मला तोंडपाठ, उत्तर मात्र एकदाही ऐकलं नाही. घरी विचारलं तर "वळख ना तूच" म्हणून पाठीत धपाटा. का नाही सांगितलंत, बाबा? एकदा तरी सांगायचं होतं!

तुम्हाला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी तुमचा खाकी शर्टातला फोटो मोबाईलवर टाकला आणि खाली पाचही गोष्टी लिहिल्या. 'माझ्या बाबांची अमरावती.' एक खोटी आहे हे लिहायचंच राहिलं. खरं सांगू? राहिलं नाही, मी गाळलं. श्रद्धांजलीत बाप खोटं सांगायचा असं कोण लिहितं?

लोकांना फार आवडलं. इकडून तिकडे गेलं, अकोल्याच्या मावशीकडून मलाच परत आलं, माझं नाव उडालेलं. तुमचा फोटो तेवढा राहिला. मी फुशारून गेले होते, बाबा.

गुरुवारी एका फोटोनं माझी झोप उडवली. कुठल्याशा होस्टेलच्या तीन पोरी चौथ्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभ्या. खाली लिहिलेलं, 'काकांची पायरी सापडली! रविवारी सगळ्या जणी पाचवीच्या पुढे उतरणार.'

आईला विचारलं, यातली खोटी कोणती? ती म्हणाली, "मले काय माहीत? मी काय सवारी होती त्याची?" मग ऑटोस्टॅंडवर तुमच्या जुन्या दोस्ताला, रहीमचाचांना गाठलं. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. "पोरी, ते पयले खरं होतं. आमी दोघं तिथं कमरेइतक्या पाण्यात पवलो हावो. मंग तलावाचा गाळ काढला, फरशी उखडली. तवापासून तेच तर खोटं सांगे तुहा बाप! सवारी उतरली का हात धरून सांगे, तिकडं जाऊ नका म्हणून."

हात धरून सांगायचात! आणि मी तेवढंच गाळलं.

काल मंडपवाल्याकडून बांबू आणला, मोजून बारा फुटी. पाचव्या पायरीवर वाकून पुढे सोडला. तो गेला, गेला, आणि माझी मूठ पाण्याला लागली तरी खाली टेकला नाही. पाणी किती शांत होतं, बाबा! हिरवंगार, वर एक तरंग नाही.

मी लिहिलेलं काढून टाकलं, पण लोकांच्या मोबाईलमधून कसं काढू? त्या पोरींना लिहिलं, जाऊ नका, ते खोटं आहे, मी त्या काकांचीच मुलगी आहे. उत्तर आलं, 'ताई, काकांनी सांगितलंय. तुम्ही कोण?' पुढे हसरे चेहरे. पोलिसांना फोन केला, ते "पाहतो" म्हणाले. अजून कोणी आलेलं नाही.

मेलेल्या माणसाचं बोलणं लोक किती खरं मानतात! तुम्ही जिवंत असतात तर त्यांनी वाद घातला असता तुमच्याशी.

बाबा, रस्त्यावर आवाज येतोय. हसताहेत. आठ-दहा जणी दिसतात. पुढचीनं चपला आत्ताच हातात घेतल्या आहेत.

बस, लिहिणं पुरे. शब्द देते तुम्हाला, आज एकीलाही या ऑटोच्या पलीकडे जाऊ देणार नाही. हॉर्न वाजवीन, शिव्या घालीन, पाया पडेन. बांबू घेऊन आडवी उभी राहीन. आणि त्यांच्याच मोबाईलमधल्या तुमच्या फोटोकडे बोट दाखवून ओरडून सांगेन, की हा माझा बाप आहे आणि तो खोटं सांगायचा!

तुमची,
आधीच उतरलेली
सुजाता